‘ने’वरून

१

अमेरिकेत नोव्हाय गावातल्या जपानी कुटुंबांचा मुक्काम ठरलेला असे. कंपनी चार-पाच वर्षांसाठी पाठवी, मुदत संपली की परत बोलावून घेई. जाण्याआधी त्यांच्या बायका गॅरेजचं दार वर करत आणि सगळा संसार ड्राइव्हवेवर विकायला मांडत. भाताचे कुकर, मुलांच्या सायकली, एकदाही न पेटवलेले बार्बेक्यू. आपली मंडळी अशा सेलवर टपून बसलेली असत. जपानी माणसाची वस्तू म्हणजे खोक्यासकट, मॅन्युअलसकट आणि ओरखडा न पडलेली, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती, आणि बहुतेकदा ती खरीही ठरे.

२००४ च्या ऑगस्टमध्ये रवींद्र आणि शोभना अशाच एका सेलवर गेले. घर होरिउचींचं होतं. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीत रवींद्र क्वालिटी इंजिनिअर होता, होरिउची त्याच कंपनीत वरच्या मजल्यावरचे साहेब. दोघांची ओळख लिफ्टमध्ये एकमेकांना वाकून नमस्कार करण्यापुरती होती.

शोभनाला कराओके मशीन दिसलं आणि मग तिला दुसरं काही दिसेना. काळी, चपटी पेटी, सोबत दोन माइक. होरिउचीबाईंनी माइक मऊ कापडात गुंडाळून दोन्ही हातांनी पुढे केले.

“व्हेरी गुड मशीन, ने. मेनी साँग, ने. यू सिंग, ने.”

“बाई सारखी ‘ने ने’ करतेय,” शोभना कुजबुजली. “नेतोय की बाई, दम धर जरा.”

“अगं, त्यांच्यात ‘ने’ म्हणजे आपलं ‘हो ना’,” रवींद्र म्हणाला.

निघताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. बाईंचा सात-आठ वर्षांचा मुलगा लॉनवर पाठ करून बसला होता. त्याला बोलवायचं तर बाईंनी हाक मारली नाही, नुसत्या टाळ्या वाजवल्या. मुलगा उठून आला. ऐकू येत नसेल बिचाऱ्याला, असं रवींद्रला वाटलं. तेवढ्यात लांबच्या गल्लीत आइस्क्रीमच्या गाडीची घंटी वाजली आणि मुलानं झटकन तिकडे मान वळवली.

२

मशीन बेसमेंटमध्ये टीव्हीला जोडलं. बेसमेंट छान होतं, गालिचा घातलेलं, वर एक आडवी खिडकी. त्या खिडकीतून मागच्या अंगणातलं गवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसत. कोपऱ्यात जमिनीखालचं पाणी उपसणारा पंप होता. तो अधूनमधून घसा खाकरल्यासारखा आवाज करून गप्प बसे.

मशीनवर गाणं शोधायची रीत सोपी होती. गाण्याच्या नावाचं पहिलं अक्षर दाबायचं, की त्या अक्षराची सगळी गाणी पडद्यावर ओळीनं येत. ऑफिसच्या क्लासमुळे रवींद्रला जपानी अक्षरं वाचता यायची. तशी ती फार परकी नव्हतीच. अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, असा सगळा ओळखीचा क्रम. क्लासमध्ये त्यानं ते एका दमात म्हणून दाखवलं तेव्हा मास्तर चकित झाले होते.

त्यानं ‘का’ दाबलं. पडद्यावर ‘ने’ची गाणी आली. ‘मि’ दाबलं, पुन्हा ‘ने’. कुठलंही बटण दाबा, पडद्यावर वरपासून खालपर्यंत प्रत्येक नावाच्या सुरुवातीला तेच अक्षर. पुढची चित्रलिपी त्याला वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं ती यादी म्हणजे ‘ने, ने, ने, ने’ एवढीच होती.

“कॉन्टॅक्ट चिकटलाय,” त्यानं निदान केलं. रिमोट उघडला, स्पिरिटनं पुसला, बॅटऱ्या बदलल्या. आत चिकटलेलं काही नव्हतं. नोकरीत त्याला एकच गोष्ट शिकवली होती: दोष दिसला की ‘का’ विचारायचं, उत्तर मिळालं की त्यालाही ‘का’ विचारायचं, असं मुळापर्यंत जायचं. इथे पहिल्याच ‘का’ला उत्तर मिळेना. मग त्यानं मेमरी खराब असेल असं म्हणून विषय संपवला.

त्यांची पाच वर्षांची लेक नेत्रा मात्र खूश होती. ऑफिसच्या फॅमिली डेला सगळ्यांना जपानी अक्षरांतले बिल्ले दिले होते. जपानी माणसाला जोडाक्षर फोडून म्हणावं लागतं, म्हणून तिच्या बिल्ल्यावर तीन अक्षरं होती: ने, तो, रा. रवींद्र झाला होता ‘राविंदोरा’. दिवसभर लोक तिला लाडानं ‘नेतोरा-चान’ म्हणत होते आणि ती बिल्ला घालूनच झोपली होती.

“That's my ने,” ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. “बाबा, all the songs are mine.”

३

दिवाळीनंतरच्या शनिवारी दुपारी घरी पॉटलक होतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायचा असं. जेवणं झाल्यावर सगळी मंडळी बेसमेंटमध्ये उतरली. रवींद्रचा नागपूरचा मित्र देवदत्त, जो पलीकडच्याच वसाहतीत राहायचा, त्यानं मशीनचा दोष पाहिला आणि तो खदखदून हसला.

“अबे, हे तर भेंड्यांचं मशीन आहे. अक्षर देतंय ते. चला, आपण सगळे एका बाजूला आणि मशीन दुसऱ्या बाजूला.”

ठरलं. मशीननं ‘ने’चं एक गाणं वाजवायचं, मग आपण ‘ने’वरून म्हणायचं. मराठीत ‘ने’वरून गाणी किती असणार? होती-नव्हती ती पटापट संपली, हिंदीतली उसनी आणली, कुणीतरी एक भजन काढलं, तेही संपलं. मशीन आपलं शांतपणे पुढचं ‘ने’ वाजवत होतं.

“भेंडी चढतेय आपल्यावर,” देवदत्त म्हणाला. “बोला लवकर, ‘ने’, ‘ने’...”

“मी!” रवींद्रच्या मांडीवरून नेत्रा ओरडली. “नेत्रा! I start with ने!”

हशा पिकला. देवदत्तनं माइक उचलून रवींद्रच्या तोंडासमोर धरला. “घ्या, नेत्रा दिली. विचार बे मशीनला, चालते का म्हणून.”

रवींद्रही हसत होता. हरलेल्यानं हात जोडावेत तसे त्यानं हात जोडले आणि माइकमध्ये म्हणाला, “ने बाबा, ने. काय न्यायचं ते ने.”

मशीनमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. गाणं संपल्यावर गुण देताना वाजतात त्या टाळ्या, पण गाणं तर कुणी म्हटलंच नव्हतं. लोक पुन्हा हसले. कुणीतरी चहाची आठवण काढली आणि सगळे वर गेले.

पडदा बंद करताना रवींद्रला दिसलं, यादीतली सगळ्यात खालची ओळ कोरी होती.

४

त्यानंतर यादी कमी होऊ लागली. रोज ऑफिसातून आल्यावर रवींद्र खाली जाऊन बघायचा आणि रोज खालून एखाद-दुसरी ओळ गेलेली असायची. हार्ड डिस्क मरायला टेकली की असं होतं, हे त्याला माहीत होतं. थँक्सगिव्हिंगच्या आधी एकदा त्यानं पाहिलं तर ‘ने’ची यादी पूर्ण रिकामी होती. त्यानं एक बटण दाबलं. पडदा भरला. आता सगळी गाणी ‘तो’ची होती.

त्याच आठवड्यात शाळेतून फोन आला. टीचर म्हणाल्या की नेत्रा म्हणून हाक मारली तर ती बघत नाही. नाव विचारलं तर तोरा सांगते.

“तोरा!” शोभनाला हसू आवरेना. “अगदी बरोबर. तोरा आहेच तिला.”

“तू तिला विचारलंस का?”

“अरे, इथली पोरं करतात नावाची मोडतोड. अमितचा निखिल निक झाला, कुणी रडलं का? इतका काय सिरियस होतोस?”

रवींद्रनं लेकीला जवळ घेऊन विचारलं, “तुझं नाव काय, बाळा?”

“Tora.”

“आणि त्याच्या आधी? ने...”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो ‘ने’ म्हणत होता तेव्हा तिला त्याचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काहीच येत नसावं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात नाकाजिमांना गाठलं. होरिउचींच्या घरी त्यांचं वर्षानुवर्षं जाणं-येणं होतं. मशीनचं काही विचारावं तर हसं होईल, म्हणून त्यानं सहज विचारल्यासारखं केलं. “होरिउचीसानच्या मुलाचं नाव काय हो?”

“आह, नाव...” नाकाजिमांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मग ते ओशाळून हसले, मानेवरून हात फिरवला. “फार चांगला मुलगा, ने. फार शांत. कधीकधी तो खोलीत आहे हे आपल्याला कळतच नाही.”

५

डिसेंबरात एका सकाळी स्कूलबस थांबलीच नाही. पिवळा कोट घालून पोर रस्त्याच्या कडेला उभी होती, रवींद्र दारातून बघत होता, आणि बस तिच्यासमोरून तशीच निघून गेली. त्यानं डेपोला फोन करून तक्रार केली. ड्रायव्हर भला माणूस होता, त्यानं स्वतः फोन करून माफी मागितली. स्टॉपवर कुणीच नव्हतं सर, शपथेवर सांगतो, असं तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

त्या संध्याकाळी शोभनानं दोन ताटं वाढली.

“आणि नेत्राचं?” रवींद्रनं विचारलं.

“कुणाचं?”

“नेत्राचं, शोभना.”

“कोण नेत्रा?” तिनं अगदी सहज विचारलं, ओळखीतल्या एखाद्या नवीन बाईबद्दल विचारावं तसं. मग तिची नजर टेबलाशी बसलेल्या मुलीवर गेली आणि ती दचकली. “अगं बाई, रा, तुझं ताट राहिलंच की. आज माझं डोकं ठिकाणावर नाहीये.”

“तू तिला काय म्हणालीस आत्ता?”

“काय म्हणाले? रा. तिचं नाव म्हणाले.” शोभना त्याच्याकडे काळजीनं बघायला लागली. “रवी, तुला बरं वाटतंय ना? कामाचं फार घेतोयस अंगावर.”

तो उठला आणि खाली गेला. ‘तो’ची यादी संपली होती. पडद्यावर आता ‘रा’ होतं, आणि ‘रा’ची गाणी मुळातच थोडी होती.

मशीन फेकून द्यावं, हा विचार त्याला सुचला नव्हता असं नाही. पण सदोष माल फेकायचा नसतो, दोषाचं मूळ सापडेपर्यंत बाजूला काढून ठेवायचा असतो, हे त्याच्या अंगात भिनलं होतं. आणि त्याहून मोठं कारण वेगळंच होतं. त्या पेटीत जे काही गेलं होतं, ते आपल्या लेकीचं होतं. ते कुणाच्या हवाली करणार? तो घाबरला होता, पार मुळापासून घाबरला होता, आणि हे सांगायला त्याच्याकडे कुणी नव्हतं. त्यानं देवदत्तला फोन लावून पाहिला. देवदत्त म्हणाला, “यार, तुला मुलगी आहे हे बोलला नाहीस कधी.”

६

रविवारी दुपारी स्वच्छ ऊन पडलं होतं. शोभना वर स्वयंपाकघरात होती. खिडकीतून अंगणातला झोपाळा दिसत होता, म्हणजे झोपाळ्याचा खालचा भाग आणि त्यावरून लोंबणारे दोन लहान बूट. बूट पुढे येत होते, मागे जात होते. साखळी करकरत होती.

पडद्यावर एकच ओळ उरली होती.

रवींद्र गालिच्यावर बसला. हा योगायोग आहे, असं त्यानं मनाशी एकदा म्हणून पाहिलं. खराब झालेली डिस्क, नावाची मोडतोड करणारी पोरं, थकलेली बायको, बेफिकीर ड्रायव्हर. प्रत्येक गोष्टीला सरळ कारण होतं. असा हिशोब कुणी त्याच्यासमोर ठेवला असता तर त्यानं सही केली असती.

‘रा’वरून गाणं म्हणावं, म्हणजे आपल्यावरची भेंडी उतरेल, असं त्याला वाटलं. ‘रा’वरून तर शेकडो गाणी आहेत. त्यानं माइक उचलला आणि एकही आठवेना. डोक्यात चाली होत्या, शब्द नव्हते.

कोपऱ्यातला पंप खाकरला आणि गप्प झाला. त्या शांततेत त्यानं खिडकीकडे पाहिलं.

झोपाळा पुढे येत होता, मागे जात होता. साखळ्या ताणलेल्या होत्या. रबरी पाट मधोमध दबलेला होता, कुणीतरी बसल्यावर दबतो तसा. बूट नव्हते.

त्यानं नजर पडद्याकडे वळवली. शेवटची ओळ मिटून पुन्हा उमटत होती. ती तो वाचत राहिला, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. रा. तिचं शेवटचं अक्षर. आणि मग भेंड्या खेळत वाढलेल्या माणसालाच सुचेल ते त्याला सुचलं. शेवटचं अक्षर संपत नसतं. पुढच्याला त्यावरूनच सुरुवात करायची असते.

त्यानं माइक तोंडाशी नेला.

“राविंदोरा,” तो म्हणाला. आवाज बेसमेंटभर घुमला. “रवींद्र. आता माझी पाळी आहे. तिचं तिला परत दे आणि हे ने.”

टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजल्या.

७

वर दार आपटलं आणि पावलं धावत आत आली.

“नेत्रा, बूट बाहेर काढ आधी!” शोभनाचा आवाज आला. “नेत्रा, किती वेळा सांगायचं? फरशी बघ काय केलीस, नेत्रा.”

रवींद्र तोंडावर हात दाबून रडला. इतका आनंद त्याला ती जन्मली त्या दिवशीही झाला नव्हता. बायको चिडून ते नाव पुन्हापुन्हा घेत होती, पुरतं, जोडाक्षरासकट, आणि तो एकेक हाक ऐकत राहिला. पडद्याकडे त्यानं पाहिलं नाही. चेहरा पुसून तो जिना चढला.

शोभना ओट्याशी होती. चाहूल लागल्यावर तिनं वळून पाहिलं, क्षणभर गोंधळली, मग हसली आणि कपाळावरचे केस मागे सारले.

“अरे, तुम्ही खाली होता होय? सॉरी हं, लक्षातच नाही आलं. बसा ना.” तिनं खुर्ची पुढे ओढली. “चहा टाकलाय. साखर घेता ना तुम्ही?”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं त्याला कधी ‘अहो-जाहो’ केलं नव्हतं. तो खुर्चीवर बसला.

“अर्धा चमचा,” तो म्हणाला.

शोभनानं कप काढले. तिच्या वागण्यात काही वावगं नव्हतं. घरी आलेल्या माणसाचं करावं तसं ती नीट, मनापासून करत होती. “नेत्रा, काकांना बिस्किटं दे बघू.”

नेत्रानं डब्यातून दोन बिस्किटं काढली, बशीत ठेवली आणि दोन्ही हातांनी जपून आणली. तिच्या गालांवर थंडीची लाली होती. तिनं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं, जरा लाजली आणि आईकडे सरकली.

“थँक यू, नेत्रा,” तो म्हणाला.